दारात थांबणारा भास्कर

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, तुमचं नाव मला कुणी सांगितलं नाही, तेव्हा जे कोण हे वाचतंय त्यांनी ते इथं घालावं; स्टेजवर बसलेले सगळे पाहुणे; ज्यांचा आज सत्कार आहे ते आपले उमाकांतकाका, त्यांच्या शेजारी बसलेल्या नयनाकाकू; आणि समोर बसलेल्या, या कानडी मुलखातल्या आपल्या येलहंक्याच्या मराठी मित्रमंडळातल्या ताया, वहिन्या, दादा आणि मागं दंगा करणारी पोरं, सगळ्यांना अनुसूयाचा नमस्कार.

मी रात्री झोपलेली नाही. काही मागंपुढं झालं तर त्याचं कारण हे, म्हणून आधीच सांगून ठेवते. माझी विद्या दवाखान्यात आहे. पाच वर्षांची आहे. तिच्या अंगातलं रक्त परत कमी झालंय. मी खाटेला टेकले की ती विचारते, "आई, झोपलीस?" मी "नाही" म्हटलं की ती डोळे मिटते. थोड्या वेळानं परत विचारते. मग कशी झोपणार?

म्हणून मला हॉलवर येता येत नाही. पण मंडळाच्या नीलिमाताईंनी पत्रिकेत माझं नाव छापलंय, "मनोगत : सौ. अनुसूया". छापलेलं नाव रिकामं कसं सोडायचं? आमच्या शेजारचे ऑटोवाले यल्लाप्पाअण्णा तिकडूनच जाणार आहेत, त्यांच्याकडं हे कागद देतेय. ते ज्यांच्या हातात देतील त्यांनी वाचावं. अक्षर वाईट आहे, सावकाश वाचा. मी सातवी शिकलेली.

तुमच्यातले निम्मे लोक मला चपातीवाली म्हणून ओळखतात. निम्मे "ती भुताची गोष्टवाली" म्हणतात. आपल्या हॉलच्या बाहेर जो बोर्ड आहे, ज्यावर काका दर महिन्याला सुंदर अक्षरात भित्तिपत्रक लावायचे, त्यावर माझी गोष्ट यायची. रक्त पिणाऱ्या भास्करची आणि फुलं विकणाऱ्या मैनेची. सातवी शिकलेल्या बाईनं असलं कुठून आणलं, असं मला पुष्कळजण विचारतात. काकांनी हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आता ते सांगलीला निघालेत, त्यांचा आज निरोप आहे, तर मी सांगते.

विद्या लहान होती तेव्हा कळलं, तिचं रक्त टिकत नाही. दर तीन-चार महिन्यांनी बाहेरून द्यावं लागतं. बरं, द्यायला काय, रक्त देणारे मिळतात. पण तपासलं तर निघालं बॉम्बे ग्रुप. हे रक्त दिसायला ओ सारखं दिसतं, आणि तिला ओ चालत नाही. ए नाही, बी नाही, कुणाचंच नाही. त्याच ग्रुपचा माणूस पाहिजे, आणि असा माणूस हजारो माणसांत एखादा. माझं चाललं नाही, तिचे वडील परसू, त्यांचंही चाललं नाही.

तेव्हा आपल्या मंडळानं बोर्डावर लिहिलं, बॉम्बे ग्रुपचं रक्त हवंय, रविवारी रक्तपेढीत या. तुम्हाला आठवत असेल. केवढी रांग लागली होती! सगळे मुंबईचे. एक आजोबा सगळ्यांच्या पुढं, म्हणाले, "मी गिरगावातला, चौथी पिढी. माझ्यापेक्षा बॉम्बेचं रक्त आणखी कुणाचं असणार? घ्या माझं." त्यांच्या मागचे म्हणाले, "आम्ही डोंबिवलीचे, आम्हाला चालेल का?" डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. तरी एकेकाला बसवून समजावलं, आणि आलाच आहात तर म्हणून सगळ्यांचं तपासलं. त्यांच्यातल्या एकाचंही जुळलं नाही. पण मी त्या आजोबांना कधी विसरणार नाही. ते आज आले असतील तर त्यांना माझा वेगळा नमस्कार.

काका मुंबईचे नव्हतेच. काका खानापूरचे. ते कुणाला तरी स्कूटरवरून सोडायला आले होते आणि सुया ठेवल्या होत्या त्या टेबलाकडं पाठ करून उभे होते. नयनाकाकू म्हणाल्या, "नुसते खांबासारखे उभे आहात, तुम्हीही टोचून घ्या की."

काका म्हणाले, "मला ते सुईचं सांगू नकोस."

काकू म्हणाल्या, "एवढीशी पोरगी टोचून घेते आणि तुम्ही?"

टोचलं. आणि त्यांचं निघालं.

आता काका विमानाच्या कारखान्यात एवढे मोठे इंजिनियर. त्यांनी बनवलेल्या भागांवर विमानं उडतात म्हणे. पण सुई बघितली की पांढरे पडायचे. पहिल्यांदा रक्त द्यायला आडवे झाले तेव्हा डोळे गच्च मिटून मला म्हणाले, "अनुसूया, काहीतरी बोल. काहीही बोल. गप्प बसू नकोस."

काय बोलणार मी? त्या आठवड्यात नवीन असं एकच घडलं होतं. महादेवपुऱ्याच्या बाजूला कॉम्प्युटरवाली पुण्याची पोरं राहतात, श्रीरंग आणि त्याचे मित्र, त्यांच्याकडं मी चपात्या करायला जाते. त्यांनी एक इंग्रजी सिनेमा लावला होता. गोरापान, उंच माणूस, सुळे लांब, लोकांचं रक्त पितो. पोरं ओरडत होती, मार त्याला, मार! मी स्वयंपाकघरातून बघत होते. शेवटी त्याला मारलं आणि इकडं माझी चपाती करपली. श्रीरंग म्हणाला, "ताई, तुम्ही रडताय? अहो, तो व्हिलन आहे."

मी म्हटलं, "असेल. पण त्याला भूक लागलीय, आणि त्याला दुसरं काही खायला चालत नाही. याचा कुणी विचार केला का?"

श्रीरंग म्हणाला, "ताई, असा विचार केला तर सिनेमा संपायचाच नाही."

हे मी काकांना सांगितलं. काका डोळे मिटूनच हसले. म्हणाले, "मग तुझा असता तर तू काय केलं असतंस?" आणि मी बोलायला लागले. पिशवी भरली तरी त्यांना कळलं नाही. तेव्हापासून दर वेळी असंच. त्यांच्या डाव्या हातात सुई, आणि शेजारी स्टुलावर बसून मी पुढचा भाग सांगायची. नंतर ते घरी जाऊन आठवून लिहायचे आणि बोर्डावर लावायचे. तुम्ही वाचलंत ते सगळं त्या खाटेजवळ तयार झालेलं आहे.

भास्कर हे नाव ठेवलं तेव्हा काका एवढे हसले की सिस्टर ओरडली, हात हलवू नका म्हणून. "अगं, तो उन्हात येत नाही आणि नाव भास्कर?"

मी म्हटलं, "नाव आईबापांनी ठेवलं. तेव्हा त्यांना काय माहीत पुढं काय होणार?"

आणि मैना फुलं का विकते? तर मार्केटात फुलांचा बाजार उजाडायच्या आधी भरतो. उन्हात न येणारा माणूस आणखी कुठं कुणाला भेटणार? तो रोज तिच्याकडून कनकांबराची, म्हणजे आपल्या अबोलीची, एक माळ घ्यायचा. घरी माळ घालायला कुणी नाही. तरी घ्यायचा.

आता तुम्हाला ते "नाळे बा" माहीत आहे. त्या वर्षी आमच्या गल्लीत सगळ्यांनी दारावर खडूनं तेच लिहिलं होतं, म्हणजे आपलं उद्या ये. एक भूत येतं, घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारतं, दार उघडलं तर माणूस मरतो. पण दारावर उद्या ये असं लिहिलं असेल तर ते वाचून परत जातं. दुसऱ्या दिवशी येतं, परत वाचतं, परत जातं. मीसुद्धा लिहिलं होतं, मराठीत. शेजारच्या अक्का हसल्या, म्हणाल्या, "इथलं भूत आहे ते, त्याला मराठी येतं का?" आणि त्यांनीच खाली कानडीत लिहून दिलं.

त्या दिवसांत मी काकांना म्हटलं, "काका, रोज कुणीतरी उद्या ये म्हणतं आणि हे मुकाट परत जातं. एवढं ऐकणारं भूत वाईट कसं असेल?"

काका म्हणाले, "हे भास्करला घाल." म्हणून भास्कर मैनेच्या दारातून रोज मुकाट परत जातो, तो भाग तसा झाला.

बोर्डावर गोष्ट यायला लागली तेव्हा एका काकांनी तक्रार केली होती. नाव घेत नाही, ते समोर बसलेले असतील. "मंडळाच्या बोर्डावर, गणपतीच्या फोटोशेजारी, रक्तपिपासू?" उमाकांतकाकांनी शांतपणे गणपतीचा फोटो दुसऱ्या बाजूला सरकवला आणि गोष्ट तिथंच ठेवली.

वहिन्यांची तक्रार वेगळी होती. श्वेतावहिनी भाजीची पिशवी घेऊन बोर्डासमोर उभ्या राहायच्या आणि मला बघितलं की म्हणायच्या, "अगं बाई, किती दिवस नुसता दारात उभा करणार आहेस त्याला? एकदा तरी चावू दे की!" आणि मग इकडंतिकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. वहिनी, रागावू नका, खरं तेच सांगतेय.

बायकांना असलं भूत का आवडतं, हे मला काकांनी एकदा विचारलं होतं. मला जे वाटलं ते मी सांगितलं. ज्याच्या अंगात जोरच नाही तो गप्प बसला तर त्यात काय विशेष? ज्याच्यात जोर आहे, पोटात भूक आहे, समोर मान आहे, आणि तरी जो हात मागं घेऊन विचारतो, "चालेल का?", तो आवडतो. आणि खरं सांगू का, आम्हाला विचारतंय कोण? आज भाजी काय करू एवढं आम्ही विचारतो. आम्हाला काय पाहिजे, हे कुणी विचारल्याचं तुमच्यातल्या किती जणींना आठवतं? भास्कर प्रत्येक भागात विचारतो. म्हणून वहिन्या बोर्डासमोर उभ्या राहतात.

पण काकांना मी एक गोष्ट सांगितली नव्हती, ती आज सांगते. भास्कर मी कुठूनही आणलेला नाही. भास्कर मीच आहे.

बसमध्ये बसले की माझी नजर माणसांच्या तोंडाकडं जात नाही, हाताकडं जाते. कोपराच्या आतली शीर कुणाची जाड, कुणाची बारीक, ते बघत बसते. तगडा माणूस दिसला की वाटतं, याच्यात केवढं असेल, आणि त्यातलं थोडंसं. देवाशपथ, मनात वाईट काही नसतं. भूक असते. माझी नाही, माझ्या पोरीची, पण भूकच ती. किती दारांत मी गेले. "माझ्या मुलीसाठी एकदा तपासून बघाल का?" लोक वाईट नसतात. "पुढच्या महिन्यात बघू", "यांना विचारून सांगते", "सध्या अशक्तपणा आहे". मी सरी, म्हणजे बरं, म्हणायची आणि परत फिरायची. दारावर काही लिहिलेलं नसायचं, पण मला वाचता यायचं.

मग तुम्हीच सांगा, त्या गोऱ्या माणसाला मारलं तेव्हा माझी चपाती करपणार नाही तर काय होणार?

आणि काका असे भेटले की त्यांनी कधी एकदाही उद्या म्हटलं नाही. सुईला एवढं घाबरणारा माणूस. बोलावलं की यायचे, खिशात काकूंनी दिलेला राजगिऱ्याचा लाडू, तोंड पांढरं. आडवे झाले की म्हणायचे, "हं, मैना काय म्हणाली?" माझ्या पोरीच्या अंगात जे धावतं, खेळतं, शेजारच्या अक्कांशी कानडीत भांडतं, त्यात यांचा वाटा आहे. तुम्ही आज त्यांच्या खांद्यावर शाल घालणार. घाला. माझ्यातर्फे कुणीतरी त्यांच्या डाव्या हाताला नमस्कार करा.

आता पुढचं. दोन महिन्यांमागं काकांच्या छातीत कळ आली. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, रक्त द्यायचं आता कायमचं बंद. काकांनी हे मला कळवलं नाही, आणि काकूंनाही बोलू दिलं नाही. मागच्या आठवड्यात विद्याला भरती केलं आणि त्यांना कुठून तरी कळलं. कधी नव्हे ते न बोलावता आले. निरोपसमारंभ तोंडावर, घरात सामान बांधलेलं, सांगलीला जायचं ठरलेलं, आणि हे रक्तपेढीत बाही वर करून आडवे. फॉर्मवर लिहून दिलं, तब्येत उत्तम, औषध काही नाही. मी स्टुलावर बसले. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "चल, भास्करचं पुढं काय झालं सांग."

तेवढ्यात बाहेर नयनाकाकू दिसल्या. कशा आल्या होत्या कोण जाणे, चपला वेगवेगळ्या. मला जिन्यात नेऊन त्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "अनुसूया, मी नाही म्हणणार नाही. तुझी पोर आहे. तू ठरव."

बघा, काकूंचं केवढं मन. नवऱ्याचा जीव त्यांनी माझ्या हातात दिला.

मी आत गेले. सिस्टर कापूस लावत होती. मी म्हटलं, "बेडा सिस्टर. यांचं घेऊ नका. यांना हार्टचं औषध चालू आहे."

काका ताडकन उठून बसले. त्यांना एवढं रागावलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "अनुसूया, मी स्वतः देतोय ना? मी तयार आहे ना? मग तुझं काय जातंय?"

मी म्हटलं, "काका, भास्करनं घेतलं असतं का?"

ते म्हणाले, "भास्कर गोष्टीत आहे. विद्या खाटेवर आहे."

  मी नुसती त्यांची बाही खाली केली आणि बटण लावलं. ते माझ्याशी न बोलता गेले. काका, आता हे ऐकताना रागावलेले असाल तर रागावा. पण दुपारची गोळी घ्या. आणि उचकी लागली तर मी आठवण काढतेय एवढंच समजा, गाडीत बसून परत येऊ नका.

ही गोष्ट मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या दिवसापासून मी भ्यालेली आहे. रक्त मिळालेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मुंबईला कळवलंय, तिकडंही शोध चाललाय. म्हणतात, आणखी थोडे दिवस ओढता येतील. विद्याचे ओठ पांढरे झालेत. जिना तिला चढवत नाही. काल म्हणाली, "आई, काकाआजोबा आले नाहीत?" मी म्हटलं, त्यांची बदली झाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं रक्त घराण्यातून येतं. आईकडचे, वडिलांकडचे, सख्खे जेवढे असतील तेवढे तपासा. परसूंच्याकडचे सगळे तपासून झाले. माझ्याकडचा एकच राहिलाय. माझा भाऊ मल्हार.

मल्हार निपाणीजवळ आमच्या गावात असतो. तालमीतला गडी. लहानपणी मला अंधाराची भीती वाटायची, तेव्हा तो उंबऱ्यावर आडवा झोपायचा. म्हणायचा, "अनशे, भूत आलं तर आधी माझ्यावरनं जावं लागंल." मी परसूंशी माझ्या मनानं लग्न केलं. परसू आमच्यातले नाहीत. त्या दिवशी तोच मल्हार त्याच उंबऱ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "आता ह्या दारात पाऊल टाकायचं न्हाई." मी टाकलं नाही. परसूंनी आता फोन केला होता, आवाज ओळखून त्यानं ठेवून दिला. मी बूथवर जाऊन दोनदा गावातल्या दुकानाचा नंबर फिरवला. पलीकडून दुकानदार विचारतो, "कोण बोलतंय? मल्हारला बोलावू?" आणि मी फोन खाली ठेवते.

श्रीरंगच्या त्या सिनेमात एक नियम होता. घरातल्या माणसानं ये म्हटल्याशिवाय रक्त पिणाऱ्याला उंबरा ओलांडता येत नाही. गोष्टीत मी सगळं बदललं, तो नियम बदलला नाही. आता कळतंय का बदलला नाही. श्वेतावहिनी, शेवटचा भाग का लागला नाही हे तुम्ही विचारत होता ना? भास्कर मैनेच्या दारात उभा आहे. आतून कुणीतरी ये म्हणायला पाहिजे. मला पुढचं येत नाही.

वेळ फार घेतला. काका, काकू, सांगलीत सुखानं राहा. तुम्ही दोघांनी माझ्यासाठी जे केलं त्याला आभार म्हटलं तर ते फार थोडं होईल, तरी दुसरा शब्द मला येत नाही म्हणून आभार. मंडळाचे आभार, रांगेत उभ्या राहिलेल्या सगळ्या मुंबईकरांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागेल असं काही लिहिलं गेलं असेल, तर झोप नसलेल्या बाईचं म्हणून सोडून द्या.

आणि जे कोण हे वाचतंय, त्यांना एक विनंती. कागद घडी करून ठेवू नका. खाली नंबर लिहिलाय. तो गावातल्या किराणा दुकानाचा आहे, मल्हार पैलवान म्हटलं की बोलावून आणतात. मल्हार परक्या माणसाला तोडून बोलत नाही, तुमचं ऐकून घेईल. माझं नाव आधी घेऊ नका. त्याला सांगा, तुला एक भाची आहे, तिचं नाव विद्या. हे त्याला माहीत नाही. मग सांगा, अनशी घरात येणार नाही, दारातच थांबेल, त्यानं फक्त एकदा बाही वर करावी. थोडंसं तपासायचंय. जुळलं नाही तर ती परत जाईल.

त्यानं उद्या बघू म्हटलं, तर त्याच्यावर रागावू नका. उद्या परत फोन करा.